तलवार तू उगार. लागली की नाही, ते त्याला लिहू दे

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कापून:

«ताई, मी वीस वर्षांची आहे. पुण्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्यापूर्वी एका ऑनलाइन मराठी रोलप्ले ग्रुपमध्ये गेले. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पोस्ट लिहीत मिळून गोष्ट पुढे न्यायची. काल्पनिक राज्य आहे. गड, घाट, मंत्रविद्या, सगळं. मी खूप मेहनतीने पात्र तयार केलं: शलाका, अग्निविद्या येणारी, हरवलेल्या राजघराण्यातली. पहिला आठवडा मजेत गेला. मग गडावरच्या लढाईत मी एक मोठी पोस्ट टाकली आणि त्यानंतर कोणी काही लिहिलंच नाही. जो किल्लेदाराचं पात्र चालवतो त्याने फक्त ‘हे गॉडमोडिंग आहे’ एवढंच म्हटलं. त्याच्याच किल्लेदाराने त्याआधी शलाकाला ‘भिकारडी राजकन्या’ म्हटलं होतं. त्या रात्री मी रडले. त्याचा माझ्यावर राग आहे का? आणखी एक जण खेळाबाहेरच्या गप्पांत खूप बोलतो, मी पुण्यात नेमकी कुठे राहते ते विचारत असतो. चांगला वाटतो, पण. रूममेट म्हणतात, हा लहान मुलांचा खेळ आहे, सोड. सोडू का? ती पोस्ट सोबत पाठवतेय.»

प्रिय मैत्रीण,

अनेक आशीर्वाद. तुझी पोस्ट मी चार वेळा वाचली. आधी ती इथे देते, कारण तुझ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

«शलाकाने डोळे मिटले आणि मंत्र म्हटला. आगीचा लोळ किल्लेदाराच्या छातीवर आदळला. तो किंचाळत कोसळला. त्याच्या हातातली तलवार वितळून गेली. पहारेकरी घाबरून पळत सुटले. किल्लेदाराला कळून चुकलं की ही साधी मुलगी नाही, ही विक्रांतराजांची हरवलेली नात आहे. त्याच्या डोळ्यांत पश्चात्तापाचे अश्रू आले.»

तुला लिहिता येतं, हे आधी सांगते. गोष्ट म्हणून वाचली तर यात काही वावगं नाही. पण ही गोष्ट तू एकटी लिहीत नाहीयेस. आता एक कर. पेन्सिल घे आणि यातली जी वाक्यं शलाकाची आहेत त्यांच्याखाली रेघ ओढ. पहिलं वाक्य तिचं. दुसरं अर्धं तिचं, कारण लोळ तिने सोडला; तो आदळला की नाही, हे तिच्या हातात नाही. उरलेली सगळी वाक्यं किल्लेदाराची आणि पहारेकऱ्यांची आहेत. तू त्याला पाडलंस, त्याची तलवार वितळवलीस, त्याची माणसं पळवून लावलीस आणि शेवटी त्याच्या मनात शिरून तिथे पश्चात्तापही ठेवून आलीस. तो खेळाडू बिचारा दिवसभराचं काम आटपून लिहायला बसला असेल, आणि त्याच्यासाठी तू काय शिल्लक ठेवलंस? एकही वाक्य नाही. सगळे गप्प झाले ते रागावले म्हणून नव्हे. त्यांना पुढे लिहायला जागाच नव्हती.

पुण्यात राहतेस म्हणून पुण्याचाच दाखला देते. खो-खोचे नियम १९१४ साली इथल्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. शाळेत खेळली असशीलच. आठ जण उकिडवे बसलेले, नववा धावतोय. तो कितीही चपळ असला तरी एकट्याच्या पायांवर डाव निघत नाही. बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणावं लागतं, तेव्हा तो उठतो आणि खेळ पुढे सरकतो. तुझ्या पोस्टमध्ये धाव उत्तम होती, पण खो कुठेच नव्हता.

तीच पोस्ट मी माझ्या पद्धतीने लिहून बघितली:

«शलाकाने डोळे मिटले. मंत्र ओठांवर येण्याआधीच तळहात तापले होते. तिने दोन्ही हात पुढे केले आणि आगीचा लोळ किल्लेदाराच्या छातीच्या रोखाने सुटला. त्या झटक्याने तिचाच तोल गेला. डावा गुडघा फरशीवर आपटला. ‘वाट सोड,’ ती म्हणाली, पण आवाज चिरकला. गळ्यातला ताईत अंगरख्याबाहेर आला होता, आणि तो आत सारायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.»

लोळ ‘रोखाने सुटला’. इथे मी थांबले. किल्लेदार खाली वाकेल, ढाल पुढे करेल, भाजेल, किंवा त्याच्याकडे काही उतारा असेल. ते तो लिहील. शलाकाचा गुडघा आपटला. हे मी मुद्दाम दिलं, कारण आता समोरच्याला काहीतरी करता येतं. तो वार करू शकतो, तिला पकडू शकतो, किंवा हात देऊन उठवूही शकतो. आणि ताईत. ही राजाची नात आहे हे त्याला कळावं, अशी तुझी इच्छा होती ना? मग त्याला कळेल अशी वस्तू त्याच्या नजरेसमोर ठेव, पण ती त्याच्या डोक्यात कोंबू नकोस. त्याने ओळखलं तर उत्तम. नाही ओळखलं तर दारामागचा एखादा पहारेकरी ओळखेल आणि चार दिवसांनी त्यातून वेगळीच कथा निघेल. एका पोस्टमध्ये तीन खो झाले.

तुझ्या अंगावर नुसता फेकलेला तो शब्दही नीट समजावून घे, म्हणजे पुन्हा कोणी म्हटलं तर दचकणार नाहीस. आपलं पात्र कशानेच हरत नाही, त्याला काहीच लागत नाही, त्याला सगळं येतं, असं लिहिणं म्हणजे गॉडमोडिंग. दुसऱ्याच्या पात्राच्या हालचाली आपणच लिहून टाकणं म्हणजे पॉवरप्ले. काही ग्रुपमध्ये दोन्हींना पहिलंच नाव देतात. तिसरा शब्द मेटागेमिंग. खेळाडू म्हणून तुला जे वाचून माहीत आहे ते पात्राला माहीत असल्यासारखं लिहिणं, म्हणजे ते. घाटावरचा नावाडी हेर आहे हे तू ग्रुपच्या दुसऱ्या चॅनलवर, म्हणजे वेगळ्या प्रसंगाच्या धाग्यात, वाचलंस, पण शलाका त्या रात्री तिथे नव्हती, तर तिने त्याच्याशी साध्या नावाड्यासारखंच बोललं पाहिजे. तुझी कॅरेक्टर शीट, म्हणजे शलाकाची माहिती लिहिलेलं पान, किल्लेदार चालवणाऱ्या मुलाने वाचली आहे, किल्लेदाराने नव्हे. त्याला ‘कळून चुकलं’ ते कशावरून?

एक शब्द फेकून तो मुलगा गप्प बसला, हे मात्र मला पटलं नाही. नव्या माणसाला चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दोन वाक्यं समजावून सांगावीत. जुन्यांचं ते कामच आहे.

रूममेटना सांग, हा खेळ लहान मुलांनी काढलेला नाही. १९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं, तेव्हापासून मोठी माणसं टेबलाभोवती बसून पात्रं जगत आली आहेत. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने मड हा निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ सुरू केला. रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. फरक एवढाच, की टेबलावर फासे आणि खेळ चालवणारा असतो, मडमध्ये वार लागला की नाही हे कॉम्प्युटर सांगायचा. तुमच्यासारख्या ग्रुपमध्ये बहुतेक वेळा असा पंच नसतो. म्हणून रीतभात पंचाचं काम करते, आणि म्हणूनच ती मोडली की इतकं खुपतं.

आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर कोकणातला दशावतार. त्यात लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी कथा ठरते, कोण कोण काय होणार ते ठरतं, आणि संवाद मंचावर उभं राहून बोलायचे. युद्धात राक्षस पडणार हे दोघांनाही ठाऊक असतं. पण तो कसा पडणार, पडण्याआधी किती गर्जना करणार, हे राक्षस ठरवतो. मोठ्या लढाईआधी तुम्हीही हेच करा. खेळाबाहेरच्या गप्पांच्या चॅनलवर सरळ विचार: ही लढाई कोणी जिंकलेली गोष्टीसाठी बरी? शलाका कैद झाली तर? ठरत नसेल तर फासा टाका, बऱ्याच ग्रुपमध्ये त्यासाठी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, असतो. आधी ठरवल्याने मजा जाईल असं वाटत असेल तर एकदा करून बघ.

शलाकाबद्दलही थोडं. हरवलेलं राजघराणं आणि अग्निविद्या घेऊन येणारी ती पहिली नाही, पण तिला टाकून दे असं मी म्हणणार नाही. तिला काय येतं हे तू पानभर लिहिलंयस. तिला काय येत नाही, ते एका ओळीत तरी लिही. मंत्रानंतर तिला घटकाभर दिसत नाही, असं काही. मग तिला कोणाचा तरी हात धरावा लागेल, आणि तो हात कोणाचा, यावर महिनाभर लिहिता येईल.

आता ‘भिकारडी राजकन्या’.

हे किल्लेदार शलाकाला म्हणाला. तो मुलगा तुला म्हणाला नाही. किल्लेदार राज्य बळकावणाऱ्याची चाकरी करतो. दारात उभ्या राहिलेल्या वारसाला त्याने पायघड्या घालायच्या का? उलट बघ, त्या दोन शब्दांत तुझी अख्खी शीट आहे. राज्य नसलेली राजकन्या. त्याने तुझं पात्र मन लावून वाचलंय आणि तिचं दुखणं नेमकं पकडलंय. चांगला खलनायक लिहिणारा सोबती मिळणं, हे या खेळात मोठं भाग्य समजतात.

पण तू रडलीस तेही खरं आहे, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. पात्राची भावना आपल्यात झिरपते, याला खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात. माझ्यावर आलेली वेळ सांगते. काही वर्षांपूर्वी एका कथेत माझ्या पात्राच्या सख्ख्या भावाने तिला दगा दिला. तो प्रसंग आम्ही आधी बोलून ठरवला होता, मीच हो म्हटलं होतं. तरी ती पोस्ट वाचली आणि मी त्या मित्राच्या मेसेजना दहा दिवस उत्तर दिलं नाही. अकराव्या दिवशी त्याने विचारलं, ‘मी काही चुकीचं लिहिलं का?’ तो दहा दिवस स्वतःचीच पोस्ट पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून असा प्रसंग लिहून झाला की मी लगेच पात्राबाहेर येऊन एक ओळ लिहिते: ‘जबरदस्त होतं, मला जरा लागलंय, उद्या पुढे लिहू.’ तेवढ्याने भागतं.

पात्राबाहेरचं बोलणं, ज्याला ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात, ते दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे; वेगळा चॅनल असेल तर तिथे. कंसातलं बोलणं तुझं, बाहेरचं शलाकाचं. ही भिंत पक्की ठेव. कंसातही तोच अपमानाचा सूर लागला, तू थांब म्हटल्यावरही तो थांबला नाही, दुसऱ्या प्रसंगांतही तुझ्या मागे लागला, तर तो किल्लेदार राहिला नाही. मग मॉडरेटरला, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्याला, सांगायचं. तुझ्या पत्रावरून मला तसं काही दिसत नाही.

ज्या विषयांना तुझ्या लिहिण्यात जागाच नको असेल ते सुरुवातीलाच सांगून टाक. कारण देत बसू नकोस. काही गोष्टी घडतात पण दाखवायच्या नसतात, तिथे पडदा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून लिहायचं. आणि समोरचा अठरा वर्षांखालचा असेल, किंवा तशी शंका जरी असेल, तर त्याच्याबरोबर शृंगाराचा प्रसंग लिहायचा नाही. पडदा टाकूनही नाही.

मराठीत खेळतेस याचा मला विशेष आनंद आहे, कारण मराठी या खेळाला असं काही देते जे मला फार आवडतं. तू, तुम्ही, आपण. तुझा किल्लेदार शलाकाला ‘तू’ म्हणतो. ज्या क्षणी त्याच्या तोंडून ‘आपण’ निघेल, त्या क्षणी त्याने तिला ओळखलंय हे गडावरच्या प्रत्येकाला कळेल. तू जे पश्चात्तापाचे अश्रू त्याच्या डोळ्यांत घातलेस, ते त्याने एका सर्वनामात दाखवले असते. त्याला तशी संधी दे.

दुसरं, आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. मुखवटा घातलेलं पात्र ‘मी आलोय’ म्हणालं की संपलं, तो पुरुष. पण ‘मी निरोप आणलाय’, ‘मी सगळं पाहिलंय’, ‘मला ठाऊक आहे’ यातून काहीच कळत नाही. वर्णनात ‘आकृती पुढे सरकली’ असं लिहिलंस तर स्त्रीलिंग आकृतीचं राहतं, माणसाचं गुपित राहतं. एका बाईने आमच्या ग्रुपमध्ये सहा आठवडे एक मुखवटाधारी असा चालवला. एकाही वाक्यात ती चुकली नाही. आणि तुझं पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणार असेल तर ती बोली येणाऱ्याला आधी वाचायला दे. गावाकडचा म्हणून त्याला हास्यास्पद बोलायला लावू नकोस.

उत्तराची वाट किती बघायची? दोन-तीन दिवस सहज. लोकांना नोकऱ्या आहेत, तुला सबमिशन्स आहेत. एकदा आठवण करावी, रोज करू नये. स्वतः आठवडाभर नसशील तर सांगून जा, नाहीतर चार पात्रं गडाच्या दारात तुझी वाट बघत ताटकळतात. समोरचा जेवढं लिहितो साधारण तेवढंच लिही. प्रसंगात चौघे असतील तर पाळीने लिही.

शेवटचं, आणि इथे मी मोठी बहीण म्हणून बोलतेय. तू लिहिलंस, ‘चांगला वाटतो, पण’. त्या ‘पण’चं ऐक. तुझ्या पत्रात तू राहतेस त्या भागाचं नाव होतं, कॉलेजचं होतं, मेसचंही होतं. छापताना मी तिन्ही काढली. मला सहज सांगितलंस तसंच तिथेही सांगितलं असशील. एकेक गोष्ट साधी असते. खाली ढोलपथकाचा सराव चालू आहे म्हणून झोप येत नाही. गॅलरीतून टेकडी दिसते. कोपऱ्यावरच्या डेअरीत आज खरवस मिळाला. पुण्यात राहणाऱ्याने या तीन गोष्टी जोडल्या तर तुझी गल्ली सापडते. त्याने पुन्हा विचारलं तर एवढंच लिही: ‘मी कुठे राहते ते ऑनलाइन कोणाला सांगत नाही.’ भला माणूस असेल तर ‘बरोबर आहे’ म्हणेल आणि विषय संपेल. रुसला, पुन्हा विचारलं, फोटो मागितला, तर स्क्रीनशॉट काढ, मॉडरेटरला पाठव, ब्लॉक कर. याच क्रमाने, कारण ब्लॉक केल्यावर पुरावा गोळा करणं अवघड जातं. धमकी आली तर सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, १९३० हा मदत क्रमांक आहे, आणि रूममेटला बरोबर घेऊन जवळच्या पोलीस चौकीत जायला कचरू नकोस.

सोडू नकोस. आज रात्री किल्लेदाराच्या खेळाडूला हे पाठव, हवं तर तुझ्या शब्दांत:

((नमस्कार. गडावरच्या पोस्टमध्ये मी किल्लेदाराच्या वतीने बरंच काही लिहून टाकलं, ते चुकलं. मी नवीन आहे. ती पोस्ट काढून दुसरी टाकू का? लोळ लागतो की नाही ते तुम्ही ठरवा. आणि ‘भिकारडी राजकन्या’ मला फार लागलं, म्हणजे वाक्य चांगलं होतं. शलाकाकडून त्याचं उत्तर कधीतरी येईल.))

उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू देत. तोवर शलाकाच्या गुडघ्याला काय बांधायचं ते ठरवून ठेव.

तुझी,
ताई